आईची इयत्ता

अंगणवाडीची नोंदवही उघडा, दवाखान्यातला केसपेपर पाहा किंवा घरोघर फिरणाऱ्या सर्वेक्षकाच्या हातातला अर्ज बघा. त्यात एक रकाना हमखास सापडतो : 'आईचे शिक्षण'. उत्पन्न विचारलं की माणसं हात राखून बोलतात, शेत किती म्हटलं की आधी 'कशाला पायजे?' असं विचारतात. पण कितवी शिकलीस, या प्रश्नाला बाई एका दमात उत्तर देते. 'चौथी.' 'सातवी, पण परीक्षा नाही दिली.' किंवा नुसतंच, 'नाही शिकली.' अशी हजारो उत्तरं एकत्र केली की कोणत्या आयांची मुलं पाच वर्षांची होण्याआधी जास्त दगावतात, याचा चांगलाच अंदाज बांधता येतो, असं लोकसंख्याशास्त्र गेली चाळीसहून अधिक वर्षं सांगत आलं आहे.

ही गोष्ट ठासून मांडली ती जॉन कॉल्डवेल या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने, १९७९ साली, नायजेरियातल्या पाहणीवरून. तोवर आईचं शिक्षण म्हणजे घरच्या सुबत्तेचंच एक लक्षण, असं धरून चालत. शिकलेल्या बाईच्या घरी पैसा असतो, पाणी असतं, म्हणून मुलं जगतात, असा सरळ हिशेब. कॉल्डवेलने दाखवलं की घरची परिस्थिती सारखी असली तरी शाळेत गेलेल्या आईची मुलं जास्त जगतात. पुढे त्याने मांडलेला एक हिशेब मला फार महत्त्वाचा वाटतो. आई निरक्षर आहे पण दवाखाना जवळ आहे, अशा ठिकाणी आयुर्मानात २० टक्क्यांची भर पडली. दवाखाना नाही पण आई शिकलेली आहे, तिथे ३३ टक्क्यांची. दोन्ही असतील तिथे मात्र ८७ टक्क्यांची. वीस आणि तेहतीस मिळून त्रेपन्न होतात. उरलेले चौतीस कुठून आले? शिकलेली बाई आणि जवळचा दवाखाना यांची गाठ पडल्यावर जे घडतं, त्यातून. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात गेल्या चाळीस वर्षांत जे घडलं, त्याचं मर्म या चौतीस टक्क्यांत शोधावं लागतं.

आणखी दोन अभ्यासांचे आकडे देतो आणि जंगलाकडे वळतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० साली १७५ देशांचा अभ्यास आला. १९७० च्या तुलनेत २००९ साली पाच वर्षांखालच्या मुलांचे ८२ लाख मृत्यू कमी झाले होते. त्यांतले ४२ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाच्या खात्यावर जमा करता येतात, असा त्याचा अंदाज होता. त्याच नियतकालिकात २०२१ साली आलेल्या अभ्यासानुसार, अजिबात न शिकलेल्या आईच्या मुलांपेक्षा बारावीपर्यंत शिकलेल्या आईच्या मुलांत बालमृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी कमी असतो. बापाच्या बारावीने तो १७ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. बापाचंही शिक्षण कामी येतं तर! पण आपल्याकडच्या बहुतेक नोंदवह्यांत बापाचा रकाना कोरा असतो, ही गंमत नोंदवून पुढे जातो.

असे आकडे वाचले की सभागृहातल्या भाषणांना दोन वाटा सापडतात. एक म्हणजे, मुली शिकू द्या, वीस वर्षांत सगळं आपोआप सुटेल. दुसरी वाट जास्त घातक. ती म्हणते : आई अडाणी आहे, म्हणून पोर मेलं. दोन्ही वाटा कुठे चुकतात, ते जंगलात गेल्यावर दिसतं.

गडचिरोली जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी, चंद्रपूरमधून वेगळा होऊन. जिल्ह्याचा तीन चतुर्थांश भाग जंगल. उत्तरेला आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा ही धानाची झाडीपट्टी. दक्षिणेला तेलुगू बोलणारा सिरोंचा. पूर्वेला कोरचीपलीकडे छत्तीसगड. आणि आत एटापल्ली, भामरागड हा माडिया आदिवासींचा मुलूख. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यातल्या ८२ टक्के पुरुषांना लिहिता-वाचता येत होतं आणि ६६ टक्के बायांना. शेजारच्या चंद्रपुरात बायांचं प्रमाण ७३ टक्के होतं. तिथे कोळसा, सिमेंट, वीज आली, तरी जिवतीच्या डोंगरावरच्या कोलाम बाईसाठी बल्लारपूर मुंबईइतकंच लांब होतं.

१९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी इथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. बंगांनी एका पावसाळ्यात डोळ्यांदेखत गेलेल्या बाळाची गोष्ट अनेकदा सांगितली आहे. ते बाळ का गेलं, याची कारणं ते लिहू लागले. गरिबी, गरोदरपणातली अर्धपोट जेवणं, वाटेत आडवं येणारं पाणी, अंधश्रद्धा, निरक्षरता... यादी अठरावर गेली. वैद्यकीय दाखल्यावर एकच कारण मावतं. इथे एका बाळाला अठरा. आता ही यादी वरून खाली सोडवत बसायची, तर गरिबीपाशीच आयुष्य संपेल. बंगांनी यादी साखळीसारखी वाचली. साखळी तुटायला एक कडी तुटली तरी पुरते, तेव्हा आज कोणती तोडता येते ते बघायचं. निरक्षरता ही त्यांतली एक कडी होती, पण ती तुटायला एक पिढी लागते आणि न्यूमोनिया झालेल्या बाळाच्या हाती दोन-चार दिवस असतात.

न्यूमोनियाला इकडे 'डब्बा' म्हणतात. श्वास घेताना बाळाच्या बरगड्यांखाली खड्डा पडतो आणि पोट वर-खाली होतं, ते पाहून पडलेलं नाव. वैद्यकाच्या पुस्तकात याच खड्ड्याला गंभीर न्यूमोनियाची खूण म्हटलं आहे. म्हणजे न शिकलेल्या आईला निदान येत होतं. येत नव्हता तो उपाय, आणि तो मिळायचं ठिकाण पंचवीस-तीस किलोमीटरवर होतं. त्यामुळे पोटावर डाग दिले जात आणि पुजाऱ्याला बोलावणं जाई.

१९८८ मध्ये सुरू झालेल्या सर्चच्या प्रयोगात ५८ गावांत आयाबापांना या आजाराची माहिती दिली आणि गावातल्याच माणसांना प्रतिजैविक देण्याचं काम शिकवलं. तुलनेसाठी ४४ गावं होती. शिकवलेल्यांत सुईणीही होत्या. या बाया बाळंतपणात निष्णात, पण बहुतेकींना अक्षर माहीत नाही आणि आकडेही थोडेच. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, त्यावरच्याचा पन्नास किंवा जास्त झाला तर न्यूमोनिया समजायचा. आता साठपर्यंत मोजायचं कसं? त्यासाठी एक साधन तयार झालं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याला हात लागला तर औषध सुरू. मोठ्या बाळासाठी एक ओळ, तान्ह्यासाठी दुसरी.

१९९० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी होते. उपचार मिळालेल्यांपैकी शंभरात एकही मूल धड दगावत नव्हतं. तुलनेच्या गावांत शंभरात तेरा-चौदा दगावत होती. मण्यांचं ते साधन डोळ्यांसमोर आणलं की मला आपल्या शाळेचा विचार येतो. मुलाला साठपर्यंत मोजता यावं म्हणून आपण त्याला एक वर्ष बाकावर बसवतो. इथे मोजणं स्वतःच चालत सुईणीच्या झोपडीत आलं.

तरीही एक मोठा भाग सुटत होता. जन्मल्यापासून २८ दिवसांत जाणारी बाळं. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांवर घरी जाऊन नजर ठेवली, तेव्हा कळलं ते असं : ९५ टक्के बाळंतपणं घरी, ४२ टक्के बाळं जन्मतःच कमी वजनाची, निम्म्याहून जास्त बाळांना उपचारांची गरज, आणि डॉक्टरपर्यंत पोचलेली किती, तर २.६ टक्के. बाळंतिणीची खोली अंधारी. तिथे बाहेरच्या माणसाने जायचं नाही, बाळाने बाहेर यायचं नाही. तेवढ्या दिवसांत बाळ गेलं तर त्याचं नावही ठेवलेलं नसे.

त्या खोलीत शिरू शकणारी व्यक्ती गावातलीच बाई असणार, हे उघड होतं. पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया निवडल्या. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटलं गेलं. बाळाचं वजन करणं, ताप बघणं, श्वास मोजणं, रडत नसलेल्या बाळाला पिशवी-मुखवट्याने श्वास देणं, जंतुदोषाची लक्षणं ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. इंजेक्शन! एमबीबीएस झालेल्यांनी यावर बरीच नाकं मुरडली. १९९९ च्या अहवालातले आकडे असे : ३९ गावांत नवजात बालमृत्यूचा दर हजारी ६२ होता, तो प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला. तुलनेच्या ४७ गावांत तो साठाच्या आसपासच राहिला.

इथे जरा थांबून आईच्या रकान्याकडे पुन्हा बघू. त्या तीन वर्षांत त्या गावांतल्या आया शाळेत गेल्या नव्हत्या. जी चौथी होती ती चौथीच राहिली, जी 'नाही शिकली' ती नाहीच. रकान्यातला आकडा हलला नाही आणि मृत्युदर निम्म्याहून खाली आला. मग शिक्षणाचा आणि जगण्याचा संबंध खोटा का? तसंही नाही. कारण जिच्यामुळे तो खाली आला, ती सातवी-आठवी शिकलेली होती. थर्मामीटरवरचा आकडा, वजनकाट्यावरची रेघ, औषधाची मात्रा, भेटीचा तक्ता, हे तिने शाळेत मिळालेल्या शिदोरीवर पेललं. एका घरातली सातवी ती आळीभर वाटत फिरली. कॉल्डवेलचे ते हिशेबात न बसणारे चौतीस टक्के इथे मला दिसतात. शाळा आणि दवाखाना यांची गाठ एरवी आईच्या डोक्यात पडते; इथे ती शेजारणीच्या पायांनी घडवून आणली. प्रयोगाच्या शेवटच्या टप्प्यात आया आणि आज्यांना आरोग्यशिक्षण देणंही जोडलं गेलं. आज्यांना घेतलं हे फार शहाणपणाचं. पहिलं दूध पिळून टाकायचं की बाळाला द्यायचं, हे पहिलटकरीण ठरवत नाही.

२०११ पासून गावोगावच्या 'आशा' आरोग्य कार्यकर्त्यांच्या मार्फत घरच्या घरी नवजात बाळाच्या काळजीचा हा मार्ग देशभर नेला गेला. तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस, या भेटी आज कोणतीही आशाताई झोपेतसुद्धा सांगेल. मानधन वेळेवर येतं का, तेवढं मात्र तिला विचारू नये.

शिकलेल्या आईचं मूल जास्त जगतं ते नेमकं कशाने? चौथीच्या पुस्तकात न्यूमोनियाचा धडा नसतो. मोरोक्कोतल्या मुलांच्या वाढीचा अभ्यास करून पॉल ग्लेवे या अर्थशास्त्रज्ञाने दाखवलं की आईला आरोग्याची माहिती असणं हे कळीचं. ती माहिती वर्गात मिळत नाही, बाहेर मिळते, पण ती पकडायला वर्गात शिकलेलं वाचन आणि गणित लागतं. रॉबर्ट लेव्हाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेपाळ, मेक्सिको, झांबिया अशा देशांत आयांची परीक्षाच घेतली. रेडिओवरचा आरोग्यसंदेश ऐकवून त्यातलं काय कळलं ते विचारलं. शाळेत थोडी वर्षं गेलेल्या आयांनाही तो जास्त कळला. कारण शाळा एक विशिष्ट बोली शिकवते : समोर नसलेल्या माणसाची, अनोळखी वस्तूची, 'खालील सूचना काळजीपूर्वक वाचा' या जातीची. दवाखाना नेमका याच बोलीत बोलतो.

भामरागडात हा मुद्दा दुप्पट होतो. माडिया ही द्रविड कुळातली भाषा. मराठीशी तिचं नातं नाही. हेमलकशाला प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांनी १९७३ मध्ये लोक बिरादरी प्रकल्पाचं काम सुरू केलं आणि तीन वर्षांत शाळा काढली. तिथे किंवा एखाद्या सरकारी आश्रमशाळेत गेलेली माडिया मुलगी अक्षरांबरोबर मराठी नावाची एक परकी भाषा शिकते. ती भाषा डॉक्टरची, नर्सची, रुग्णवाहिकेच्या चालकाची आणि लसीच्या कार्डाची असते. त्यामुळे या तालुक्यात 'आईचे शिक्षण : आठवी' याचा अर्थ घरात दुभाषी आहे, असाही होतो. गोळी जेवणाआधी की नंतर, हे ती सासूला तिच्या भाषेत सांगते. बाळाचं पोट कसं उडतंय, हे डॉक्टरला त्याच्या भाषेत.

आणि धीर. कॉल्डवेलने यावर फार भर दिला होता. शाळेत गेलेली बाई नवऱ्याची किंवा सासऱ्याची वाट न बघता पोराला उचलून निघते; रांगेत मागे ढकललं तर पुढे येते; आजार बरा झाला नाही तर परत जाऊन तसं सांगते. पण धीर काही शाळेचीच मिरास नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बायांनी २०१० च्या डिसेंबरात दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळावर पायी मोर्चा नेला. त्यांच्यातल्या किती जणी शाळेत गेल्या असतील? १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली; त्या वादात इथे शिरत नाही. जी बाई शंभर किलोमीटर चालते, तिच्या पोराच्या तापाबद्दल 'अडाणीपणामुळे उशीर झाला' असं लिहिताना लेखणी थोडी अडखळायला हवी.

संशयी अभ्यासकांचंही ऐकायला हवं. सोनाल्डे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी १९९८ साली २२ देशांची आकडेवारी तपासली. नवऱ्याचं शिक्षण, नळाचं पाणी, संडास या गोष्टी हिशेबात घेतल्या की आईच्या शिक्षणाचा प्रभाव बराच विरघळतो, असं त्यांना आढळलं. यात तथ्य आहे. मुलींची शाळा आणि दवाखान्याची डांबरी सडक बहुधा एकाच गावाला मिळते. मुलीला आठवीपर्यंत शिकवणारं घर तिचं लग्नही दोन-तीन वर्षांनी उशिरा करतं, आणि अठरा वर्षांच्या आतल्या आईच्या बाळाचा धोका टळतो तो त्यामुळेही.

या सगळ्याच्या फार आधीचा एक मराठी दाखला मला सोडवत नाही. मुक्ता साळवे ही फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी. तिचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखावर लिहिताना ती त्यांच्या बायकांच्या बाळंतपणाकडे वळते. घरावर छप्पर नाही, थंडी-पावसात त्यांचे किती हाल होतात, ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असं वाचणाऱ्याला बजावते. इनमीन तीन वर्षं शिकलेल्या पोरीने लिहायला मिळताच बाळंतिणीची खोली कागदावर आणली. जी खोली नोंदवही धरणाऱ्यांना पुढे दीडशे वर्षं दिसली नाही, ती तिला दिसली होती.

दिसली नाही, हे अक्षरशः खरं. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. तेरा स्वयंसेवी संस्थांनी महाराष्ट्राच्या ग्रामीण, आदिवासी आणि झोपडपट्टीच्या भागांत मुलांचे मृत्यू स्वतः मोजले होते. सरकारी नोंदीत प्रत्यक्षाचा थोडाच भाग येत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, नोंद सासरी. दोन्ही गावांच्या मध्ये बाळ हरवतं. ज्याचा जन्मच लिहिला नाही, त्याचा मृत्यू कोण लिहिणार?

शिकण्याचं ओझं एकट्या आईवर का, हा प्रश्न सर्चने दवाखाना बांधताना उलटा करून विचारला. चातगावजवळच्या शोधग्रामात तो बांधण्याआधी आदिवासींनाच विचारलं, की दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, पांढऱ्या कपड्यांतली माणसं भूत-मढ्याची आठवण करून देतात, पेशंटजवळ घरच्यांना राहू देत नाहीत, अशी उत्तरं आली. म्हणून पेशंटचं बिऱ्हाड मावेल अशा झोपड्यांचा दवाखाना झाला आणि त्याला माँ दंतेश्वरीचं नाव मिळालं. इथे परीक्षेला डॉक्टर बसला होता.

असंच काही झारखंड-ओडिशात 'एकजुट' या संस्थेने केलं. आदिवासी बायांचे गट महिन्याला बसत. चित्रं, खेळ आणि गोष्टींतून आपल्याच गावची बाळं का जातात ते शोधत, उपाय ठरवत. २०१० साली निष्कर्ष आले : तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. त्या बायांतल्या बहुतेकींना वाचता येत नव्हतं. झाडीपट्टीच्या माणसाला याचं नवल वाटू नये. धान निघालं, दिवाळी झाली की इकडे मंडई भरते, दंडार रंगते, वडशाच्या, म्हणजे देसाईगंजच्या, नाटक कंपन्या गावोगाव निघतात आणि पहाटेपर्यंत घोंगडी पांघरून बसलेली म्हातारी संवादच्या संवाद घरी घेऊन जाते. इथलं शहाणपण कानावाटे येतं. आरोग्य खातं मात्र भिंतीवर लिहितं.

एवढं सगळं म्हटल्यावर मुलींच्या शाळेचं महत्त्व कमी होतं का? नाही; उलट तिची वाट बघणाऱ्यांची यादी वाढते. शिकलेली मुलगी स्वतःच्या बाळाला तर पुरतेच, पण पुढची आशा, परिचारिका, अंगणवाडी सेविकाही तिच्यातूनच निघते. भामरागडात माडिया बोलणारी नर्स हवी असेल, तर आज आश्रमशाळेत सातवीत बसलेली मुलगी दहावीपर्यंत टिकली पाहिजे. पाळी सुरू झाली की गावाबाहेरच्या कुर्माघरात पाच दिवस काढावे लागणाऱ्या मुलींचा हा मुलूख आहे. गळती तिथूनही सुरू होते.

पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणून अतिदुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ सरकारने 'माहेरघर' सुरू केलं : दिवस भरत आलेल्या बाईने तारखेच्या आठ-दहा दिवस आधी येऊन राहायचं, सोबत घरचं एखादं माणूस आणि धाकटं पोर. योजना चांगली आहे, नाव तर फारच गोड. पण पूर जुलै-ऑगस्टात येतो आणि रोवणीही तेव्हाच. चिखलात उभ्या राहिलेल्या घरातून एक नाही, दोन बायांचे हात आठ दिवसांसाठी कमी करायचे, बैल कोणाच्या भरवशावर सोडायचे ते ठरवायचं, सासूला समजवायचं, नवऱ्याला तारखेचा अर्थ सांगायचा. कार्डावर ती तारीख मराठीत लिहिलेली असते. अंगणात आशाताई उभी असते आणि ती तारीख वाचून माडियात सांगते : पुनवेच्या आधी चार दिवस.